भरपाईचा शनिवार

१

यातल्या एका शब्दावर जरी विश्वास ठेवून दाखवलास ना, तर ही कवळी काढून तुझ्या हातावर ठेवीन. नाहीच ठेवणार तू. आणि का ठेवावास? झेरॉक्सच्या मशीनमध्ये रबरी पाल सोडणारी बाई मी. आमच्या ऑफिसच्या थांग साहेबांच्या चहाच्या डब्यात वाळकं शेवाळ भरलं होतं, ते त्यांनी दोन दिवस उकळून प्यायलं आणि वर म्हणाले, यंदाचा चहा समुद्राकाठचा दिसतो. तर माझं ऐकायचं ते अशा बाईचं म्हणून ऐक. हस पाहिजे तर.

पण ही गोष्ट माझी नाही. फांग वान-जूची आहे. तिनं स्वतः मला सांगितली, जिन्याखाली माझ्या फरशी पुसायच्या बादलीवर, ती उलटी करून बसून, नाक माझ्याच फडक्याला पुसत.

शिन्चूतली आमची ती इमारत, जिच्या दारातून वाऱ्यामुळे छत्री उघडून कुणी बाहेर पडत नाही, तिच्या चौथ्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या चिपांची चित्रं काढतात. चित्र बरोबर आहे का बघायला हजारो बारीकबारीक कामं मशीनांकडून करून घ्यावी लागतात. मशीनं एका गार खोलीत, कपाटांत रचलेली. मशीनं थोडी, कामं ढीगभर. म्हणजे रांग आली. आणि रांग आली की भांडण आलं: माझं आधी, माझं आधी. म्हणून प्रत्येक टीमला टार्गेट लावून देतात. या टीमची चार हजार कामं सोमवारी सकाळी आठच्या आत उरकली पाहिजेत. त्या टीमची तासाला इतकी. हे टार्गेट कोणत्या दिवशी, किती ते किती जागं राहणार, तेही आधीच लिहून ठेवायचं. जागं असलं की मशीनं त्याची कामं पुढे ओढतात. झोपलेलं असलं की त्याची कामं रांगेत उभी.

हे सगळं लिहायचं काम वान-जूचं. रोज सकाळी सोयाबीनच्या दुधाचा पेला तोंडाला लावून ती एक छोटा हुकूम टाइप करायची, की पडद्यावर यादी उतरायची. अकरा टार्गेटं, अकरा ओळी. टार्गेटाचं नाव, मालक कोण, मुदत कधी, किती कामं झाली, किती चालू, किती रांगेत, आणि शेवटी निकाल: वेळेत, मागे, किंवा हुकलं. पाच वर्षं ती ही यादी बघत होती. लोक पेपरातलं भविष्य बघतात ना, तशी.

२

आता भरपाईचा शनिवार म्हणजे काय हे तुला सांगायला नको. सण गुरुवारी आला की शुक्रवारची सुट्टी जोडून देतात, आणि ती कुठल्यातरी शनिवारी कामावर बोलावून वसूल करतात. त्या शनिवारी सगळ्यांची तोंडं लांब. कॅन्टीन बंद, लिफ्टमध्ये गारठा, आणि जो तो आज नक्की कोणता वार आहे ते विसरलेला.

फेब्रुवारीतल्या नवीन वर्षाच्या सुट्टीआधीचा असाच शनिवार. मोठ्या चिपची चार हजार कामं सोमवारी आठला हवी होती. वान-जू सकाळपासून डोळे तांबडे करून बसलेली. दुपारी अडीचला तिच्या पोटात अशी आग पडली की ती उठली आणि मशीनच्या खोलीत गेली, का तर म्हणे एक वायर बघायला.

मशीनच्या प्रत्येक कपाटावर एक हिरवं पाकीट ठेवलेलं असतं, मक्याच्या फुगवलेल्या गोळ्यांचं, नारळाच्या वासाचं. त्या खाऊच्या नावाचाच अर्थ ‘शहाण्यासारखं वाग’. मशीनं शहाण्यासारखी वागावीत म्हणून. पाकीट हिरवंच पाहिजे, फोडलेलं चालत नाही, आणि त्याच्यावरची तारीख उलटता कामा नये. परदेशात शिकून आलेले, चष्मे लावलेले, सगळे हसतात. आणि सगळेच जाताना एकदा तारीख बघून जातात.

पाकिटं बदलायचं काम लिएनकाकांचं. मशीनच्या खोलीची देखभाल बघणारा त्रेसष्ट वर्षांचा माणूस, खांद्यावर कायम टॉर्च, खिशात कायम चघळायची बडीशेप. त्या दिवशी सकाळीच त्यांनी सातव्या कपाटावर ताजं पाकीट ठेवलं होतं आणि जुनं दाराजवळच्या कचऱ्याच्या पेटीत टाकलं होतं.

वान-जूनं ते ताजं पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्या खाल्लं.

मला सांगताना ती थांबली इथं. म्हणाली, “मावशी, गोळी तोंडात विरघळली ना, तेव्हा मला एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं, की मला आजही त्याची लाज वाटते.”

मग तिनं पेटीतलं जुनं, तारीख उलटलेलं पाकीट काढलं, बाहीला पुसलं आणि सातव्या कपाटावर बसवलं. रिकामं पाकीट घडी करून टिश्यूखाली दडपलं. पेटी रोज कोण रिकामी करतं, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. कुणाच्याच येत नाही.

३

सोमवारी सकाळी साडेआठला तिनं यादी उघडली. मोठ्या चिपच्या ओळीपुढे: हुकलं.

चार हजारांपैकी अकराशे रांगेतच. तिनं आत शिरून बघितलं. टार्गेट जागं राहायचे दिवस लिहिले होते, सोमवार ते शुक्रवार. तिनेच लिहिले होते. शनिवार कामाचा आहे हे ती विसरली होती. ज्या शनिवारी ती स्वतः उपाशीपोटी ऑफिसात बसली होती, तोच. टार्गेट दिवसभर गाढ झोपलेलं, आणि मशीनं दुसऱ्यांची किडूकमिडूक कामं चघळत बसलेली.

नऊला मीटिंग. नऊला दहा कमी असताना तिनं त्या जागी शनिवार घातला आणि पडद्यावरची खिडकी बंद केली.

“मशीनं का अडली?” थांग साहेबांनी विचारलं. मोठं गिऱ्हाईक फोनवर ताटकळलेलं. साहेबांच्या कपाळावरची शीर अशी उडत होती की मी चहाचा ट्रे लांबूनच सरकवला.

वान-जूच्या तोंडून आपसूक निघालं, थोडं हसून, वातावरण हलकं करायला, “साहेब, सातव्या कपाटावरच्या पाकिटाची तारीख उलटलीय.”

कुणी हसलं नाही. साहेब उठून बघून आले. खरंच उलटली होती, तीन दिवस. लिएनकाकांना बोलावलं.

“पण मी शनिवारी बदललं होतं,” लिएनकाका म्हणाले.

“मग हे काय?”

काकांनी पाकीट हातात घेतलं. चष्मा वर केला, तारीख वाचली, पुन्हा वाचली. आणि त्यांचा चेहरा, बाई गं. दोषी माणसाचा चेहरा नव्हता तो. घाबरलेल्याचा होता. “मला वाटलं बदललं,” ते हळूच म्हणाले. “मला तर आठवतंय, बदललं.”

सगळ्यांना ठाऊक होतं की काकांच्या थोरल्या भावाचं काय झालं. आधी किल्ल्या विसरायचा, मग घर, मग बायको.

रिपोर्टात कुणी पाकिटाचं नाव लिहिलं नाही. हसले असते लोक. लिहिलं, ‘मशीनच्या खोलीच्या देखभालीत हलगर्जी’. साहेबांना एक नाव हवं होतं, ते मिळालं.

४

मंगळवारी यादीत बारा ओळी होत्या.

वान-जूनं बोट लावून मोजल्या. अकरा ओळखीच्या. बाराव्या ओळीत टार्गेटाचं नाव नाही, ती जागा कोरी. मालक: फांग वान-जू. जागं राहायचा दिवस: शनिवार, एकच, पूर्वजांच्या कबरी झाडायच्या सुट्टीआधीचा. सहा आठवड्यांनी येणारा पुढचा भरपाईचा शनिवार. मुदत त्या दिवशी दुपारी चार. एकूण कामं नऊ. झालेली, एक. निकाल: वेळेत.

तिनं विचार केला, काल घाईत आपणच काहीतरी अर्धवट टाइप केलं असेल. ओळ पुसली. यादी पुन्हा मागवली. अकरा.

बुधवारी पुन्हा बारा.

शहाणी पोरगी ती, घाबरणारी नाही. जिथून टार्गेटं वाचली जातात ती फाइल उघडली: तिथं ही ओळ नाहीच. म्हणजे मशीनच्या डोक्यात जुनं काही अडकलं असणार. तिनं सगळ्यांना निरोप पाठवून जेवणाच्या सुट्टीत रांगेचा कारभार बंद करून पुन्हा चालू केला. ओळ होतीच. आणि सातव्या कपाटातलं खालून तिसरं मशीन त्या ओळीसाठी मोकळं ठेवलेलं. कुणाचंही काम त्याच्यावर जाईना, रांग दारापर्यंत आली तरी.

ती बघायला गेली. काम नसलेलं मशीन गार असतं. याच्या मागच्या जाळीतून ऊन ऊन हवा येत होती. ओठांजवळ तोंड आणून कुणी श्वास सोडावा, तेवढी ऊन.

त्याच संध्याकाळी लिएनकाका तिच्या टेबलाशी आले. हातात नवं हिरवं पाकीट.

“पोरी, हे तूच ठेव सातव्यावर. माझा भरवसा नाही आता,” ते म्हणाले. “आणि तारीख वाचून दाखव. मोठ्यानं.”

तिनं वाचून दाखवली.

“बरोबर ना? मला पण तेच दिसतंय.” काका हसले. “परवा मोठ्या हॉस्पिटलात जातोय. चित्रं दाखवून विचारतात म्हणे, घड्याळ काढायला लावतात. तुला काय वाटतं? त्या शनिवारी तू इथंच होतीस. मला पाकीट ठेवताना बघितलंस का?”

आता बोलायचं होतं. एवढंच वाक्य होतं: हो काका, ठेवलंत, मी खाल्लं.

“माझं लक्ष नव्हतं काका,” वान-जू म्हणाली.

गुरुवारी सकाळी बाराव्या ओळीत झालेली कामं: दोन.

५

तिला जे कळलं ते तिनं आठ दिवस स्वतःलाच कळू दिलं नाही. मग तिसरं झालं. हॉस्पिटलातून आल्यावर काका म्हणाले, घड्याळ बरोबर काढलं, पण डॉक्टर म्हणतात, चुकलेलं आठवतंय एवढं ठाम, तर लक्ष ठेवा. तिनं मान डोलावली. चौथं झालं ते साहेबांनी रिपोर्टवर तिची सही घेतली तेव्हा. पाचवं, काकूंचा फोन आला तेव्हा: “बेटा, ऑफिसात पण विसरतात का गं? घरी तर बरे असतात. की मलाच दिसत नाही?”

दर वेळी तिनं खरं गिळलं की दुसऱ्या दिवशी एक आकडा वर. दर वेळी शेवटी: वेळेत.

तेव्हा ती माझ्या बादलीपाशी आली. आली ती भांडायलाच.

“मावशी, तुम्ही माझ्या कॉम्प्युटरला हात लावता का?”

“लावते की. रोज. ओल्या फडक्यानं.”

“मस्करी नको. हे तुमचंच काम आहे. झेरॉक्समधली पाल पण तुमचीच होती.”

“पाल माझीच,” मी म्हटलं. “पण मला ते उंदरासारखं हातात धरायला पण येत नाही, त्यातलं अक्षर येत नाही. तुझ्या पडद्यावर काय लिहून ठेवीन मी, डोंबल? पहिलीत शाळा सुटली माझी, ती पण बदकं राखायला.”

मग ती मटकन बसली बादलीवर, आणि सगळं सांगितलं. मी ऐकलं. माझा हात फरशी पुसत होता.

“सांगून टाक की त्यांना,” मी म्हटलं.

“सांगते. आज सांगते.”

“आणि ते सातव्या कपाटातलं मशीन बंद कर.”

“आधी सांगते. मग बंद करते.”

त्या दिवशी तिनं काकांना शोधलं. काका पायऱ्यांवर बसून एका छोट्या वहीत लिहीत होते. काय काय केलं ते: दार लावलं. दिवा घालवला. गोळी घेतली. तिला बघून त्यांनी वही मिटली, चोरी पकडल्यासारखी. तिला त्यांची लाज दिसली आणि स्वतःचीही वर आली. “जेवलात का काका?” एवढंच विचारलं.

“थांब हं,” काका म्हणाले. आणि वही उघडून बघितलं.

सहा.

६

आमच्याकडे जेवण झालं की दिवे घालवतात. साडेबारा ते दीड. जो तो टेबलावर उशी ठेवून डोकं खाली. पन्नास माणसं एका अंधाऱ्या हॉलमध्ये मान मोडल्यासारखी पडलेली, पडदे ओढलेले, एसीचा घुर्र. मी तेव्हा मोजे घालून चालते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वान-जू त्या झोपेत होती. झोप म्हणजे काय, डोळे मिटलेले. तिला कुरुम कुरुम ऐकू आलं.

हळू. कुणीतरी तोंड बंद ठेवून चावतंय असं. कुणाला तरी भूक लागली असेल, असा विचार करून तिनं कूस बदलली. कुरुम कुरुम. नारळाचा वास. तिनं मान उचलली.

आवाज थांबला.

पन्नास डोकी खाली. तिनं एकेक टेबल बघितलं. कुणी हलत नव्हतं. तिनं पुन्हा डोकं ठेवलं, आणि उशीला कान टेकताच आवाज पुन्हा आला. आता तिला त्याची जागा कळली. उशीखालून येत होता. नाही, उशीखालून नाही. तिच्याच जबड्यातून, हाडातून, आपण काही चावताना आपल्याच कानाला जसा येतो तसा.

तिनं जीभ फिरवली. तोंड कोरडं. रिकामं. जबडा हलत नव्हता, हात लावून बघितला तिनं.

दीड वाजता दिवे लागले तेव्हा तिच्या स्वेटरच्या बाहीला पिवळी पूड होती.

झोपेत चालत असेन, तिनं स्वतःला समजावलं. लोक चालतात. लोक फ्रिज उघडून खातात. मीच आहे, दुसरं कुणी नाही. मला म्हणाली, “मावशी, मीच आहे असं म्हटल्यावर धीर यायला हवा ना? मला तेव्हापासून जास्तच भीती वाटते.”

त्याच दिवशी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की लिएनकाका आपणहून लवकर निवृत्त होतायत. कागद तयार आहेत. शनिवारी चार वाजता सह्या. “काम असतंच त्या दिवशी,” साहेब म्हणाले, “भरपाईचा शनिवार ना. विसरू नकोस.”

“नाही विसरणार,” ती म्हणाली. ते सातवं.

आठवं झालं ते निरोपासाठी केक आणायची वर्गणी गोळा करताना. यादीवर सगळ्यात वर तिनं स्वतःचं नाव लिहिलं.

७

शनिवार. वारा असा की काचा कण्हत होत्या. सकाळपासून ती चारदा काकांच्या टेबलापर्यंत जाऊन चारदा पाणी पिऊन परत आली.

साडेतीन वाजता यादी उघडली. बाराव्या ओळीत झालेली कामं आठ. रांगेत शून्य. चालू, एक.

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा ती ओळ जागी होती.

ती उठली. अजून अर्धा तास होता. सभेची खोली डावीकडे, दार उघडं, आत लिएनकाका इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले तिला दिसले. मशीनची खोली उजवीकडे. ती मनाशी म्हणाली, आधी हे बंद करते, मग जाऊन सांगते. दोन मिनिटांचं काम.

आणि ती उजवीकडे वळली. माझ्या बादलीवर बसून हे सांगताना तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

मशीनच्या खोलीबाहेर जाडी जॅकेटं टांगलेली असतात, आत गारठा म्हणून. कॉलरला प्रत्येकाच्या नावाची पट्टी. तिचं निळं जॅकेट खुंटीवर नव्हतं. कुणी घातलं असेल, असं म्हणून ती तशीच, पातळ ब्लाउजवर, कार्ड लावून आत गेली.

पंख्यांचा घों घों. ती सातव्या कपाटाशी पोचली, मागून हात घालून खालून तिसऱ्या मशीनची वायर ओढली. दिवा विझला. हवा मात्र ऊनच येत राहिली, थोडा वेळ.

वरचं हिरवं पाकीट तिनं सहज उचललं. चारी बाजूंनी बंद. तारीख ताजी. आणि कागदाइतकं हलकं. तिनं दाबलं, आत काहीच नाही. सहाव्या कपाटावरचं उचललं, पाचव्यावरचं, चौथ्यावरचं. सगळी पाकिटं फुगलेली, न फोडलेली, आणि रिकामी.

कुरुम कुरुम.

बाजूच्या बोळातून. कपाटाच्या जाळीचं दार, वायरींचं जंगल, आणि पलीकडची जाळी, एवढ्यातून जेवढं दिसेल तेवढं तिला दिसलं. निळं जॅकेट. कॉलरची पट्टी. आणि पट्टीच्या वर, कानामागे, हलणारा जबडा. ते सावकाश चावून गिळलं गेलं. मग दोन हात जॅकेटच्या कुशीवर पुसले गेले, आधी डावा, मग उजवा, वान-जू पुसते तसे. आणि ते उठून दाराकडे गेलं. तिला तोंड दिसलं नाही. ती म्हणते, दिसलं नाही. मी दोनदा विचारलं.

दार वाजलं. टक्.

ती किती वेळ उभी राहिली तिला माहीत नाही. मग धावली. कार्ड लावलं. दाराचं यंत्र लाल झालं. ते यंत्र शिस्तीचं आहे: जो आत आला तो एकदाच बाहेर जातो. बारीक पडद्यावर अक्षरं आली, ‘फांग वान-जू, बाहेर गेल्या, ३.४६’.

तिनं दार बडवलं. पंख्यांत कुणाला ऐकू जाणार?

८

रखवालदारानं दार उघडलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ती तशीच, ओठ निळे पडलेली, सभेच्या खोलीत घुसली.

“काकांनी पाकीट बदललं होतं!” ती ओरडली. “मी खाल्लं ते! जुनं मी ठेवलं! शनिवार लिहायला मी विसरले, मशीनं माझ्यामुळे अडली! काका, तुम्ही काही विसरला नव्हता!”

खोलीत केक, आठ माणसं, आणि कागद. कागदावर सही ओली.

थांग साहेबांनी तिच्याकडे बघितलं, जसं बघू नये तसं. “फांग, तुला बरं नाहीये का? आत्ता उठून गेलीस तेव्हा तर नीट होतीस.”

“मी मशीनच्या खोलीत अडकले होते!”

“अगं, वीस मिनिटं तू इथं बसली होतीस,” साहेब म्हणाले. “त्यांच्या शेजारी. मी यांना शेवटचं विचारलं, नक्की आठवतंय का पाकीट बदललेलं, तर तूच त्यांच्या पाठीवर हात ठेवलास, म्हणालीस, राहू द्या काका, होतं असं. पेन पण तूच दिलंस.”

शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर निळं जॅकेट होतं. टेबलावर पेन. पेनावर, सहीच्या बाजूला, कागदावर, पिवळी पूड.

लिएनकाका उठले. तिचे गार हात त्यांनी आपल्या हातांत घेतले. रागाचा लवलेश नाही. “पोरी, माझं मन राखायला एवढं खोटं बोलायची गरज नव्हती,” ते म्हणाले. “बघ, मघाशी तू काय म्हणालीस ते मला आठवतंय. आत्ता तुलाच आठवत नाहीये.” आणि हसून, “आता तू वही ठेव.”

तिनं त्यांना पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. जेवढं सांगावं तेवढे ते तिच्या पाठीवरून जास्त मायेनं हात फिरवायला लागले.

तिच्या टेबलावर यादी उघडीच होती. नऊपैकी नऊ. निकाल: पूर्ण, वेळेत. ती बघत असतानाच ओळ गेली. अकरा उरल्या.

तिनं पुढच्याच आठवड्यात नोकरी सोडली. माझ्या बादलीवर बसली ती शेवटची, त्या दिवशी. हे नंतरचं सगळं तेव्हा सांगितलं.

९

आता तू विचारशील, मावशी, तुम्ही तर चहा घेऊन त्या खोलीत होतात. पेन देताना कुणाला बघितलंत?

चहा ओतत होते मी. कप बघत होते.

लिएनकाका म्याओलीला गेले, मुलाकडे. काकूंचा फोन येतो कधी कधी. सगळ्या घरभर चिठ्ठ्या लावल्यात म्हणे. ‘हे दार.’ ‘हा मुलगा.’ हल्ली एकटे बाहेर जात नाहीत, वाट विसरेन म्हणतात. आजवर एकदाही विसरलेले नाहीत.

हे बघ. हात पुसून घे आधी. दिसतंय का? हिरवं पाकीट, घडी घातलेलं. त्या पहिल्या शनिवारचं. पेटीतून टिश्यू काढताना सोमवारी सकाळी सापडलं, मीटिंगच्या आधी. तारीख वाच. ताजी होती ना? मला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. त्या शनिवारी काकांनंतर त्या खोलीत तीच एकटी गेली होती, मला तेव्हाच कळलं होतं कुणी खाल्लं. म्हटलं, ठेवून देऊ, कधीतरी या शिकलेल्या बाईची छान फजिती करू. मग काकांना बोलावलं, आणि मी ट्रे सरकवला. मग वाटलं, कंत्राटी बाई मी, माझं कोण ऐकतंय. मग वान-जूच सांगेल असं वाटलं. पाकीट दाखवलं असतं तर काकांनी मानलं असतं. आकडा आहे ना त्यावर.

वान-जूच्या जागी नवी बाई आलीय, सुंग म्हणून. चांगली आहे, मला खुर्चीतून उठून नमस्कार करते. काल मला म्हणाली, “मावशी, तुमचं पूर्ण नाव काय हो? पेंग छिन-मेइ का?”

मी म्हटलं, हो, का गं?

“काही नाही. माझ्या यादीत एक ओळ जास्तीची आलीय, बारावी. मालकाच्या जागी तुमचं नाव आहे. साफसफाईवाल्यांची नावं मशीनमध्ये नसतातच, म्हणून विचारलं. नऊपैकी आठ झालेली दाखवतंय. परवाचीच मुदत.”

उद्या भरपाईचा शनिवार आहे.

म्याओलीची गाडी दर तासाला असते. पत्ता आहे माझ्याकडे. एवढं पाकीट नेऊन त्यांच्या हातात द्यायचं. आणि बघ ना, आज सकाळी निघाले ती तुझ्याकडे आले, तासभर तुला गोष्ट सांगत बसले.

काय बघतोयस माझ्या तोंडाकडे? मी काही खात नाहीये. कवळी वाजते ती.

जा आता. जा म्हटलं ना. दार ओढून घे.